करंगळीच्या मापाची सूर्यमाला

दिनांक ९ नोव्हेंबर २०१४, सकाळी सहा वाजून बेचाळीस मिनिटे. नारायण पेठेत आमच्या इमारतीच्या दारात मी दुधाच्या पिशव्या घेऊन उभी असताना समोरच्या पदपथावरून एका गृहस्थांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारले, "आपण भौतिकशास्त्राच्या ना?"

मी होकार दिला आणि सभ्यतेला धरून रस्ता ओलांडू लागले. तसे ते मागे सरकले. मी दोन पावले पुढे, ते दोन पावले मागे. अखेर त्यांची पाठ रद्दीवाल्याच्या बंद फळीला टेकली, तेव्हा त्यांनी हात वर करून मला रस्त्याच्या मधोमध थांबवले. "तिथंच थांबा. विषय मोठा आहे. जवळून बोलण्यासारखा नाही."

एक रिक्षावाला माझ्याविषयी काहीतरी पुटपुटत वळसा घालून गेला. श्री. मुकुंद आठल्ये यांची आणि माझी ओळख अशी झाली.

आठल्ये सर एका शाळेत शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी नाटके बसवायला घेतली होती. प्रत्येक विषयाला त्याचे असे योग्य अंतर असते, असा त्यांचा सिद्धांत होता. हवापाण्याच्या गप्पा दोन पावलांवरून, तक्रार पाच पावलांवरून, आणि खरोखर महत्त्वाचे काही असेल तर ते रस्त्याच्या पलीकडूनच बोलायचे. परिणामी त्यांची सर्व खासगी मते पेठेत सर्वांना ठाऊक होती. पावसाविषयी त्यांना काय वाटते, ते मात्र फार थोड्यांना कळत असे.

त्यांची दुसरी खोड म्हणजे "पोचू द्या." त्यांना काहीही विचारले की उत्तर लगेच येत नसे. चहा कसा आहे, असे विचारले तरी ते पेला हातात धरून समोर पाहत राहत. आपण पुन्हा विचारले की तळहात दाखवून म्हणत, "पोचू द्या." हा वेळ मी एका आठवड्यात सतरा वेळा मोजला. सरासरी अकरा सेकंद भरली. अकरा सेकंद ऐकायला थोडे वाटतात. समोरच्या माणसाकडे पाहत एकदा मोजून पाहावेत.

अशा माणसाच्या नादी मी का लागले, हे सांगणे भाग आहे. त्या वर्षी मला विज्ञानप्रसाराची एक वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली होती. वर्षाच्या शेवटी लोकांसमोर एक कार्यक्रम करायचा, तो मूल्यमापन समितीने पाहायचा, आणि समितीचे समाधान झाले तर अध्यक्षांनी मला परदेशातल्या संशोधनासाठी शिफारसपत्र द्यायचे, अशी योजना होती. त्या पत्रावाचून माझा अर्ज म्हणजे कोरा कागद होता. अट एकच, कार्यक्रम चाळीस मिनिटांत संपला पाहिजे. पूर्वी कुणा शिष्यवृत्तीधारकाने ज्वालामुखीवर पावणेदोन तास कीर्तन केले होते, आणि तेव्हापासून समिती घड्याळ समोर ठेवून बसत असे. सर ताऱ्यांमधील अंतरावर नाटक बसवत होते आणि त्यांना शास्त्र जाणणारे कुणीतरी हवे होते. मला आयता कार्यक्रम हवा होता. दोघांचीही सोय झाली, असे मी त्या वेळी वहीत लिहिले.

नाटकात संवाद नव्हते, संगीत नव्हते, नेपथ्यही नव्हते. होती ती फक्त शरीरे. विषय रात्रीचे आकाश, आणि प्रयोग रविवारी सकाळी अकरा वाजता, कारण संध्याकाळी ते सभागृह साखरपुड्यांना जात असे.

"सर, रात्रीचं आकाश सकाळी अकराला?" मी विचारले.

अकरा सेकंद गेले. "सकाळी अकराला तारे कुठं जातात? आपण भौतिकशास्त्राच्या ना?"

तालमी सकाळी साडेसहाला शाळेच्या व्यायामशाळेत होत. कलाकार पाच. स्वतः सर सूर्य होते. रोहित नावाचा संगणक अभियंता गुरू होता. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या देवस्थळीकाकू शनी होत्या, आणि पृथ्वी व नेपच्यून ही महाविद्यालयातली दोन मुले होती. माझे काम अंतरे शास्त्रशुद्ध करण्याचे. मी सरांना समजावून सांगितले की आधी एक प्रमाण ठरवावे लागेल; सूर्य ते पृथ्वी हे अंतर एक एकक मानले की बाकीची अंतरे आपोआप निघतात.

"एक करंगळी," सर म्हणाले. त्यांनी अकरा सेकंदही घेतले नाहीत, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

"करंगळी का? निदान एक वीत घ्या. रंगमंच तीस फुटांचा आहे."

"करंगळीच."

करंगळीची जाडी मी मोजली. दीड सेंटीमीटर. त्या मापाने गुरू सूर्यापासून आठ सेंटीमीटरवर येतो, शनी चौदा सेंटीमीटरवर आणि नेपच्यून दीड फुटावर. अर्थात तीस फुटी रंगमंचाच्या मध्यभागी पाच माणसे एकमेकांना चिकटून उभी, आणि बाकी सगळा रंगमंच रिकामा. मी हे आकडे फळ्यावर मांडले तेव्हा सर हिरमुसून जातील अशी माझी अपेक्षा होती. सर हरखून गेले.

"अहो सर," देवस्थळीकाकू दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "मी चौदा सेंटीमीटरवर उभी राहिले की माझा पदर या गुरूच्या तोंडात जातो."

"मॅडम, इट्स ओके, मी ॲडजस्ट करतो," पदर बाजूला करत रोहित म्हणाला.

"तू गप्प बस रे. चाळीस वर्षांत नवऱ्याच्या इतकी जवळ उभी राहिले नाही मी."

या प्रमाणात खरा सूर्य रव्याच्या कणाहून लहान होतो, आणि त्यांची स्वतःची उंची पाच फूट दहा इंच आहे, हे मी सरांच्या निदर्शनास आणून दिले. ते विचारात पडले. मग म्हणाले, "मी पोट आत घेतो."

इथवर मी सोसले. खरी अडचण पुढे आली. सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा या प्रमाणात कुठे येतो, ते सरांनी मला काढायला सांगितले. दोन लाख अडुसष्ट हजार करंगळ्या. म्हणजे सरळ रेषेत चार किलोमीटर.

"कर्वेनगर," सर शांतपणे म्हणाले. "तारा कर्वेनगरला राहील."

"राहील म्हणजे?"

"तिथं एक कलाकार असेल. इथं सूर्य हात वर करील तेव्हा तिथं ताराही हात वर करील."

"पण प्रेक्षक इथं नारायण पेठेत आहेत! त्यांना तो दिसणार नाही."

"बरोबर. म्हणून तर ते अंतर."

मी वाद घातला. सांगितले की प्रमाण बदलले तर तारा कुठेही नेता येतो, त्यात कर्वेनगराचे विशेष काही नाही. सर म्हणाले, "अंगठा घेतला तर तारा वारज्याला जातो. तर्जनीनं नदीत पडतो. करंगळीनं बरोबर बसतो." मी म्हटले, आधी प्रमाण ठरते आणि मग उत्तर निघते, आपण उलट चालला आहात. ते पाच पावले मागे गेले, म्हणजे तक्रारीच्या अंतरावर, आणि म्हणाले, "आपण फार भरभर बरोबर असता."

निदान दोन्ही टोकांना फोन चालू ठेवू, म्हणजे ताळमेळ राहील, असे मी सुचवले. "ताऱ्याला फोन असतो का?" तो कलाकार कोण, हे विचारले. "आहे. दिसत नाही म्हणून नाही, असं आपण तरी म्हणू नये."

या अदृश्य ताऱ्यापायी नाटकाच्या मध्यावर एक भोक पडले होते. अठराव्या मिनिटाला त्या गर्दीतून सूर्याचा उजवा हात वर जाई आणि तिथेच थांबे. ग्रहही थांबत. ताऱ्याचा हात वर पोचेपर्यंत कुणी हलायचे नाही, असा नियम होता. तारा चार किलोमीटरवर; त्यामुळे त्याचा हात पोचला की नाही, ते सूर्यच ठरवणार. डिसेंबरच्या पहिल्या तालमीत हे थांबणे सहा मिनिटे वीस सेकंद चालले. रोहित तेव्हा एका पायावर होता. सर वेळ श्वासांवर मोजत, घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता.

"चाळीस सेकंद पुरेत," मी म्हटले. "सहा मिनिटांत समिती उठून जाईल. माझं वर्ष जाईल, सर."

"पोचू द्या."

"काय पोचू द्या? तिथं कोण आहे तेही आपण सांगत नाही!"

काकूंनी मध्यस्थी केली आणि एक तह झाला. प्रयोगाच्या दिवशी मी प्रेक्षागृहाच्या मागे टॉर्च घेऊन उभी राहीन. मी तो लावला की सूर्य थांबला असला तरी ग्रह हलतील आणि नाटक पुढे जाईल. सरांनी हे मान्य करायला दोन दिवस घेतले. मान्य करताना ते व्यायामशाळेच्या दुसऱ्या टोकाला उभे होते.

दरम्यान मी प्रत्येक तालमीतला तो विराम मोजत राहिले. सहा वीस. सहा पाच. पाच चाळीस. जानेवारीत पाच मिनिटांच्या खाली. आकडे जवळजवळ एकसारख्या उताराने कमी होत होते. मी आलेख काढला आणि समितीला पाठवलेल्या सहामाही अहवालात लिहिले की माझ्या सततच्या पाठपुराव्यामुळे दिग्दर्शकाच्या वेळेच्या शिस्तीत लक्षणीय सुधारणा होत आहे. हे वाक्य मला अतिशय आवडले होते.

जानेवारीच्या अखेरीस अध्यक्षांनी विचारणा केली की दुसऱ्या टोकाचा कलाकार खरोखर अस्तित्वात आहे का. मी देवस्थळीकाकूंना गाठले.

"म्हणजे तुला माहीत नाही?" काकू म्हणाल्या. "अगं, सबनीसबाई. आमच्या शाळेत मुलींची कवायत घ्यायच्या. मुलांची आठल्ये सर, मुलींची बाई. मैदानाच्या दोन टोकांना दोघं. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. कर्वेनगरला भाच्याकडे असतात. सर रोज दुपारी जातात की."

"मग सरांनी सांगितलं का नाही?"

"तू कधी जवळून विचारलंस, म्हणजे ते जवळून सांगतील!" काकूंनी पदर खोचला. "आणि पुढचं मला विचारू नकोस. आमच्या अख्ख्या वर्गानं एकदा त्यांना विचारायचं ठरवलं होतं. कुणाची छाती झाली नाही."

पुढच्या गुरुवारी सकाळी, तालमीच्याच वेळी, मी कर्वेनगरला गेले. विरामाची वेळ मोजण्याचे काम व्यायामशाळेत रोहितवर सोपवले होते. एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर भाचेसुनेने दार उघडले. "या. सर म्हणाले होते, एक हिशेबी मुलगी कधीतरी येईल."

सबनीसबाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या. पांढरी साडी, आणि पायांत खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. दोन्ही नाड्या नीट बांधलेल्या. तोंडाची एक बाजू किंचित खाली आली होती. नजर मात्र अशी की मी नकळत ताठ उभी राहिले.

"वि... श्राम," त्या म्हणाल्या. "बसा."

भाचेसुनेने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून सांगितले, "आत्या, झाली वेळ." बाईंनी उजव्या हाताकडे पाहिले. बराच वेळ काहीच झाले नाही. मग बोटे खुर्चीच्या दांड्यावरून सुटली. मनगट उचलले. हात एक इंच वर जाई, कापे, थांबे, आणि पुन्हा सुरू होई. कपाळावर घाम आला. भाचेसून पुसायला पुढे झाली तशी बाईंनी तिला नजरेने थोपवले. हात खांद्याच्या वर गेला तेव्हा मी स्टॉपवॉच थांबवले. चार मिनिटे बारा सेकंद.

पाच मिनिटांनी रोहितचा संदेश आला: "होल्ड टुडे ४:०८."

मी तिथेच वही उघडली. डिसेंबरपासूनचे सगळे आकडे एका रकान्यात होते. तो उतार माझ्या पाठपुराव्याचा नव्हता. तो सबनीसबाईंच्या उजव्या खांद्याचा होता.

बाई पाणी प्यायल्या आणि हळूहळू, शब्द जुळवत, त्यांनी मला मैदानाची गोष्ट सांगितली. मैदानाला लागून असलेल्या सोसायटीने शाळेला लेखी कळवले होते की एक शिट्टी सहन करू, दोन करणार नाही. त्यामुळे शिट्ट्याच बंद झाल्या. रोज सकाळी एका टोकाला आठल्ये हात वर करत. दुसऱ्या टोकाला बाईंचा हात वर जाईपर्यंत थांबत. दोन्ही हात एकदम खाली आले की आठशे मुले कवायत सुरू करत. सव्वीस वर्षे असे चालले.

"मग तुम्ही बोलायचात कधी?"

"ओ... रडून. या टोकाहून... त्या टोकाला." त्यांना हसू आले. "सगळी शाळा... ऐकायची."

मी जरा धीटपणे विचारले, "मैदानाच्या मध्यावर कधी भेटला नाहीत?"

बाई गॅलरीबाहेर पाहत राहिल्या. अकरा सेकंदांहून अधिक. "मध्ये... मुलं असायची," त्या म्हणाल्या.

मी निघाले तेव्हा त्यांनी मला पुन्हा बोलावले. "आठल्ये... थांबतात ना? पूर्ण?"

"थांबतात."

"घाई... करत नाहीत?"

"नाही," मी म्हटले. घाई कोण करत होते, ते मी सांगितले नाही. सहामाही अहवालातले ते वाक्य मी परतीच्या बसमध्ये खोडले. पण समितीकडची प्रत समितीकडेच होती. सरांशी या भेटीविषयी मी बोलले नाही, तेही नाही. तह कायम होता आणि टॉर्चही माझ्याचकडे होता. चार मिनिटे हा आकडा मी कसाबसा समितीच्या चाळीस मिनिटांत बसवला होता.

प्रयोगाच्या सकाळी दहा वाजता सर रंगमंचाच्या पार उजव्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. मी डाव्या कोपऱ्यात होते.

"सबनीसबाईंना परवापासून ताप आहे," त्यांनी ओरडून सांगितले. "आज वेळ लागेल."

ग्रहांनी जिथल्या तिथे थांबून माझ्याकडे पाहिले.

"किती?"

"काल दुपारी मी तिथं बसून मोजले. एकशे दहा श्वास लागले. आज ठाऊक नाही."

सरांचा एक श्वास मी पूर्वीच मोजलेला होता: चार पूर्णांक सहा दशांश सेकंद. म्हणजे साडेआठ मिनिटांच्या आसपास. "सर, मग आज त्यांना नको म्हणून सांगा! त्यांनाही त्रास. आज इथं फक्त चाळीस सेकंद थांबू."

"त्या बूट घालून बसल्या आहेत," सर म्हणाले.

मी कर्वेनगरला फोन लावला. भाचेसून हेच सांगत होती. वर म्हणाली, "आत्या ऐकतात का कुणाचं?" मी तिला विनंती केली की हात वर पोचला की मला एक मिस्ड कॉल द्यावा. कशासाठी, ते तिने विचारले नाही. मला विचारले असते तर सांगता आले नसते.

अकरा वाजता दार बंद झाले. खिडक्यांना निळी ताडपत्री लावून रात्र केली होती. फटींतून नारायण पेठेचे ऊन आत येत होते. समितीचे अध्यक्ष तिसऱ्या रांगेत कडेला बसले होते, मांडीवर मूल्यमापनाचा तक्ता आणि त्यावर मनगटातून काढून ठेवलेले घड्याळ. पहिली सतरा मिनिटे उत्तम गेली. दीड फुटात कोंडलेली ती पाच माणसे आणि भोवतालचा रिकामा रंगमंच पाहून लोक आधी हसले, मग गप्प झाले. अध्यक्षांनी तक्त्यावर काहीतरी लिहिले, आणि ते चांगले असावे असे त्यांच्या मानेवरून वाटले.

अठराव्या मिनिटाला सूर्याचा हात वर गेला. मी स्टॉपवॉच सुरू केले.

चाळीस सेकंद झाले. टॉर्च माझ्या उजव्या हातात होता. दोन मिनिटांनी कुणीतरी खोकले. तिसऱ्या मिनिटाला मागच्या रांगेत एक आजोबा पुरेशा मोठ्याने म्हणाले, "लाइट गेले की काय त्यांचे?" चौथ्या मिनिटाला अध्यक्षांनी वळून मला शोधले आणि घड्याळाच्या काचेवर बोट ठेवले. मी मान हलवली. तिचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता. पाचव्या मिनिटाला त्या शांततेत देवस्थळीकाकूंचा आवाज स्पष्ट आला, "अगं, गुडघे!" पण काकू हलल्या नाहीत. रोहितचा उचललेला पाय थरथरत होता, तोंडात काकूंचा पदर होता, आणि तो माझ्या टॉर्चकडे पाहत होता.

सहाव्या मिनिटाला अध्यक्ष उठले. घड्याळ मनगटावर बांधले, तक्त्याची घडी घातली, आणि बाहेर पडताना आवाज होऊ नये म्हणून दार हाताने ओढून घेतले. इतक्या सभ्यपणे माझे वर्ष गेले. दारापर्यंत पोचायला मला सहा पावले लागली असती. टॉर्च लावायला एक बोट. मी तो पर्समध्ये टाकला आणि चेन लावली. मग आणखी चौघे उठले, तेव्हा मी दारापाशी जाऊन उभी राहिले आणि म्हटले, "थोडं थांबा ना. अजून पोचलं नाही."

"काय पोचलं नाही?" एका बाईंनी विचारले.

"बसा, सांगते नंतर." त्या बसल्या, बहुधा आश्चर्याने.

आठ मिनिटे बावन्न सेकंदांना माझ्या हातातला फोन उजळला. कर्वेनगर. एकदा, दोनदा, आणि बंद. हात वर गेला होता.

हे कळायला सरांना कोणताही मार्ग नव्हता. रंगमंचावर त्यांचा हात तसाच होता, नजर नैर्ऋत्येच्या भिंतीवर, आणि छाती सावकाश वरखाली होत होती. मला ओरडून सांगता आले असते. मी सांगितले नाही. स्टॉपवॉचही थांबवले नाही.

मग त्यांनी हात खाली घेतला आणि ग्रह हलले.

मी वही उघडून वेळ लिहिली आणि तिच्यातून मिस्ड कॉलची वेळ वजा केली. सबनीसबाईंना जेवढा वेळ लागला होता, त्याहून आठल्ये सर जास्त थांबले होते. बावीस सेकंद.